दुष्काळांतला तेरावा महिना

मराठींत 'दुष्काळांत तेरावा महिना' अशी एक म्हण आहे. अन्नाला आधींच महाग झालेल्या घरावर त्याच वर्षीं अधिक मास यावा, आणि बारा महिनेहि न पुरणाऱ्या धान्यांत तेराव्या महिन्याची तोंडमिळवणी करावी लागावी, असा तिचा सरळ अर्थ. परंतु ज्या पिढ्यांनीं खरोखरीचे दुष्काळ पाहिले, त्यांच्या अनुभवास हा तेरावा महिना निराळ्याच रूपानें आला. धान्य संपलें, हातचें काम सुटलें, आतां याहून वाईट तें काय व्हावयाचें असें वाटत असतांनाच गांवांत पटकी शिरली, किंवा घरांतला कर्ता पुरुष खोकूं लागला. पैशाची तंगी आणि रोगराई ह्या दोन आपत्ती अशा जोडीनें कां येतात, त्यांच्यामधला दुवा कोणता, आणि तो तोडतां येतो काय, ह्या प्रश्नांचा विचार नागपुरापासून अवघ्या दहा मैलांवर असलेल्या एका गांवाच्या आधारानें करतां येण्यासारखा आहे. तें गांव म्हणजे कन्हान नदीच्या कांठचें कामठी.

कामठी हें पुराणप्रसिद्ध क्षेत्र नव्हे, कीं राजेरजवाड्यांचें जुनें ठाणेंहि नव्हे. १८२१ सालीं भोसल्यांच्या नागपूर राजधानीशेजारीं इंग्रजांनीं तेथें लष्कराची छावणी वसविली, आणि छावणीच्या मागोमाग बाजार आला. फौजेला धान्य हवें, कापड हवें, जनावरांना चारा हवा. तेव्हां व्यापारी आले, कारागीर आले, मजूर आले. उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या मोमीन विणकरांचे माग तेथें चालूं लागले. गांव इतकें भरभराटलें कीं, १८८१ च्या खानेसुमारींत त्याची वस्ती पन्नास हजारांच्या घरांत गेली. परंतु हें वैभव उसनें होतें. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला होता. पुढें व्यापार हळूहळू कामठी सोडून नागपुराकडे वळला. छावणींतील फौजहि कमी करण्यांत आली. १९०१ सालच्या गणतींत कामठीची लोकसंख्या ३८,८८८ भरली. वीस वर्षांत गांवाचा जणूं चौथा हिस्सा नाहींसा झाला. जे जाऊं शकले ते गेले. ज्यांना जाण्यास ठिकाण नव्हतें, ते माग, विडीचें सूप आणि रोजची मजुरी ह्यांच्या आधारानें मागें राहिले.

अशा उतरत्या काळांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मध्यप्रांतावर लागोपाठ कोसळले. दुसरा दुष्काळ विक्रम संवत् १९५६ मध्यें पडला, म्हणून जुनीं माणसें त्याला 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणत. १८९१ ते १९०१ ह्या दहा वर्षांत मध्यप्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजीं शेंकडा सुमारें आठांनीं घटली. येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. दुष्काळांत मेलेल्या माणसांची नोंद सरकारी दप्तरांत 'उपासमार' ह्या सदराखालीं फारच थोडी सांपडते. बहुतेक सारे मृत्यु ताप, हगवण, पटकी अशा सदरांत घातलेले असतात. ही नोंद सर्वस्वीं खोटी होती असें नाहीं. भुकेनें प्राण जाण्यापूर्वींच भुकेल्या माणसाला रोग गांठतो, हेंच त्या नोंदीवरून दिसतें. अन्न तुटलें म्हणजे शरीर आधीं आपली चरबी खर्च करतें आणि मग मांस खाऊं लागतें. आंतड्यांचें अस्तर दुबळें होतें, आणि जंतूंशीं ज्यांनीं झुंजावयाचें त्या रक्तांतील पेशींची उत्पत्ति मंदावते. त्यांतच नदीनाले आटल्यामुळें साऱ्या गांवाला एकाच डबक्याचें पाणी प्यावें लागतें, आणि मदतीच्या कामांवर हजारों माणसें उघड्यावर एकत्र राहतात. मग पटकीला आणखी काय हवें?

याच्यापुढचा मोठा घाला १९१८ सालचा. त्या वर्षीं पावसानें दगा दिला. चार वर्षें चाललेल्या महायुद्धानें धान्य आणि कापड ह्यांचे भाव आधींच चढवून ठेविले होते. पावसाळा सरतां सरतां इन्फ्लुएंझाची दुसरी, अति भयंकर लाट आली. मराठी मुलखांत तिला 'मानमोडी' असें नांव पडलें. मुंबईच्या बंदरांतून शिरलेला हा रोग आगगाडीच्या वाटेनें देशभर पसरला. साऱ्या हिंदुस्थानांत त्यानें एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत माणसें नेलीं, असे निरनिराळे अंदाज आहेत. आणि मध्यप्रांत व वऱ्हाड हा तर अत्यंत जबर तडाखा बसलेल्या प्रांतांपैकीं एक होता. तेथें दर हजारीं साठांच्या आसपास माणसें काहीं महिन्यांत दगावलीं. हा रोग हवेंतून पसरणारा, तेव्हां तो राव-रंक असा भेद करीत नसेल असें कोणासहि वाटेल. परंतु मुंबई शहराचे त्या वेळचे आंकडे काय सांगतात? ज्यांना तेव्हां अस्पृश्य मानीत त्या समाजांत हजारीं साठांहून अधिक मृत्यु झाले, आणि त्याच शहरांतील युरोपियनांत हजारीं आठांच्या आसपास झाले. दोघांचें शहर एक होतें आणि रोगहि एकच होता. फरक होता तो ताटांतल्या अन्नांत, निजण्याच्या खोलींत, आणि आजारीपणीं उशाशीं बसून पेज भरविणारें कोणी आहे कीं नाहीं ह्यांत.

रोग जंतूंमुळें होतो हें आतां शाळेंतील मूलहि जाणतें. २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञानें क्षयाचा जंतु आपणांस सांपडल्याचें जाहीर केलें, तेव्हांपासून ह्या रोगाच्या मूळ कारणाबद्दल संशय उरला नाहीं. परंतु शेतकऱ्याला एक गोष्ट पिढ्यानुपिढ्या ठाऊक आहे कीं, नुसतें बीं असून भागत नाहीं. तें ज्यांत पडावयाचें ती जमीनहि तयार व्हावी लागते. क्षयाचें बीं तर अनेकांच्या छातींत पडतें. त्यांपैकीं शंभरांत पांच ते दहा जणांनाच आयुष्यांत केव्हांतरी प्रत्यक्ष रोग होतो. बाकीच्यांचें शरीर त्या जंतूला कोंडून ठेवतें. हा कोंडवाडा शाबूत ठेवण्यास रोजचें अन्न, मोकळी हवा आणि झोंप लागते. ज्या वर्षीं हीं तिन्ही तुटतात, त्या वर्षीं वर्षानुवर्षें निजलेला जंतु जागा होतो. अडचणीचा काळ नवा जंतु निर्माण करीत नाहीं; तो जुन्या जंतूसाठीं जमीन नांगरून देतो.

ही नांगरणी कशी होते, हें १९२९ नंतरच्या जागतिक मंदीच्या वेळीं कामठीच्या परिसरांत स्पष्ट दिसून आलें. अमेरिकेंत शेअरबाजार कोसळला. कामठीच्या विडीवाल्या बाईनें न्यूयॉर्कचें नांवहि ऐकिलें नसेल. तरी तो धक्का तिच्यापर्यंत येऊन पोंचण्याची वाट फार लांबची नव्हती. परदेशांतील मागणी बसली, आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचा भाव एक-दोन वर्षांत निम्म्याच्या आसपास आला. पोलादाचे कारखाने मंदावले, म्हणून पोलादांत घालावयाच्या मँगनीजचें गिऱ्हाईक गेलें; आणि हें मँगनीज जेथून निघे त्या खाणी कामठीच्या उत्तरेस रामटेक तालुक्यांतच होत्या. शेतांतून आणि खाणींतून सुटलेल्या मजुराला त्या भागांत एकच धंदा भांडवलावांचून करतां येण्यासारखा होता, आणि तो म्हणजे विड्या वळण्याचा. त्याला कात्री, पत्र्याचा साचा आणि मांडीवर घ्यावयाचें सूप एवढेंच साहित्य पुरतें. परंतु एकाच कामाला हात वाढले म्हणजे मजुरी उतरते, हा बाजाराचा नियम आहे.

विडी वळणाऱ्याची मजुरी हजारीं ठरते. टेंभुर्णीचीं पानें रात्रीं भिजवावीं, सकाळीं साच्यावर कापावीं, चिमूटभर तंबाखू भरून वळावीं, तोंड मुडपून दोरा बांधावा. अशा हजार विड्या झाल्या म्हणजे एक हिशेब पुरा व्हावयाचा. त्यांतहि ठेकेदार कांहीं विड्या 'छाट' म्हणून बाजूस काढी, आणि त्यांची मजुरी बुडे. भाव उतरला म्हणजे तेवढ्याच पैशासाठीं अधिक तास बसावें लागे, आणि घरांतलीं मुलेंहि दोरा बांधावयास बसत. पानें वाळूं नयेत आणि तंबाखू उडूं नये म्हणून दारें-खिडक्या लोटलेल्या असत. अशा कोंदट खोलींत मांडीला मांडी लावून दहा-बारा तास बसलेल्या मंडळींपैकीं एकाच्या छातींत क्षय जागा झाला, तर त्याच्या खोकल्यांतून तो इतरांच्या छातींत जाण्यास याहून सोयीची जागा शोधूनहि सांपडली नसती. शिवाय तंबाखूच्या धुळीनें प्रत्येकालाच खोकला येई. त्यामुळें कोणता खोकला धुळीचा आणि कोणता रोगाचा, हें ओळखूं येईपर्यंत फार उशीर झालेला असे. विणकराची स्थितिहि याहून फारशी निराळी नव्हती. खड्ड्यांत पाय सोडून मागावर बसावयाचें, घर ओलसर, उजेड बेताचा. आणि सूत महागलें किंवा मिळेनासें झालें कीं माग बंद आणि चूलहि बंद.

ह्या विडी-कामगारांची बाजू घेऊन जो पुरुष उभा राहिला, तो कामठीचाच होता. बाबू हरदास एल. एन. म्हणजेच हरदास लक्ष्मणराव नगराळे हे ६ जानेवारी १९०४ रोजीं कामठींत जन्मले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ते निष्ठावंत सहकारी होते, आणि 'जय भीम' हें अभिवादन रूढ करण्याचें श्रेय त्यांना दिलें जातें. १९२७ सालीं त्यांनीं कामठींत रात्रशाळा काढल्या आणि संत चोखामेळ्याच्या नांवानें वाचनालय उघडलें. विडी-कामगारांची संघटना उभारून ठेकेदाराच्या मध्यस्थीवांचून सहकारी तत्त्वावर विड्यांचें काम चालविण्याचा उपक्रमहि त्यांनीं केला. १९३७ सालच्या निवडणुकींत ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फें प्रांतिक कायदेमंडळावर निवडून आले. आणि १२ जानेवारी १९३९ रोजीं, वयाची पस्तीस वर्षें नुकतींच पुरीं झालीं असतां, क्षयानें त्यांचा अंत झाला.

त्या काळीं क्षयावर औषध नव्हतें. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध १९४३ सालचा, म्हणजे हरदासांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं लागलेला. विश्रांति, दूध-अंडीं, स्वच्छ हवा, आणि परवडल्यास मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखें एखादें आरोग्यधाम, एवढीच काय ती उपाययोजना होती. पण हजार विड्यांवर ज्याचें पोट, त्याला विश्रांति कोण देणार आणि दूध कोठून मिळणार? हरदासांनीं डॉक्टरी केली नाहीं. त्यांनीं मजुरीसाठीं आणि शिक्षणासाठीं खटपट केली. परंतु आजच्या ज्ञानाच्या प्रकाशांत पाहिलें तर त्यांच्या त्या खटपटीला क्षयनिवारणाचें कार्य म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

ह्याच काळाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. मंदींत वस्तु स्वस्त झाल्या होत्या. ज्यांचा पगार बांधलेला होता, अशा कारकुनाच्या, शिक्षकाच्या, वकिलाच्या घरीं तेवढ्याच रुपयांत अधिक धान्य येऊं लागलें. अमेरिकेंतहि मंदीच्या ऐन वर्षांत आत्महत्या वाढल्या, तरी एकंदर मृत्यूचें प्रमाण वाढलें नाहीं, असें पुढें संशोधकांना आढळून आलें. तेव्हां आर्थिक अरिष्ट आलें कीं सरसकट सगळेच आजारी पडतात, असें मुळींच नाहीं. तें अरिष्ट समाजाच्या एका भागावर सारा भार टाकतें, आणि दुसऱ्या भागाला कित्येकदां त्याची चाहूलहि लागत नाहीं. सुशिक्षित घरांना गरिबांची मंदी उशिरा कळते, ती बहुधा एखाद्या सांथीच्या रूपानें.

हा उशीरच फार फसवा असतो. १९४३ सालीं बंगालच्या दुष्काळांत सुमारें तीस लाख माणसें मेलीं, असा सर्वसाधारण अंदाज आहे. परंतु त्यांतील फार मोठा भाग हिंवताप, पटकी आणि देवी ह्यांनीं नेला, आणि तोहि पुष्कळसा १९४४ सालीं, म्हणजे नवें पीक घरांत आल्यावर. लोकांना वाटलें, संकट टळलें. आणि खरोखर पाहतां त्याची वसुली तेव्हांच चालू होती. अडचणीचा काळ सावकारासारखा असतो. तो कर्ज आज देतो आणि व्याज पुढच्या वर्षीं मागतो.

ही वसुली कोणकोणत्या दारांनीं होते, हें आतां थोडक्यांत पाहतां येईल. पहिलें दार ताटाचें. अडचणींत घर प्रथम दूध तोडतें, मग डाळ तोडतें, आणि शेवटीं भाकरी वा कण्यांवर येऊन ठेपतें. त्यानें पोट भरतें, परंतु अंग भरत नाहीं. आणि घरांत शेवटीं जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला तर तेंहि अपुरें येतें. दुसरें दार खोलीचें. भाडें परवडेनासें झालें म्हणजे दोन कुटुंबें एका खोलींत येतात, आणि हवेंतून पसरणाऱ्या रोगाला अंतर उरत नाहीं. तिसरें दार रस्त्याचें. कामाच्या शोधांत माणूस गांव सोडतो, आणि सोबत रोग घेऊन जातो किंवा घेऊन परत येतो. चवथें दार खजिन्याचें; आणि तें सर्वांत कमी दिसणारें असल्यामुळें त्याचा थोडा अधिक विचार केला पाहिजे.

अरिष्टांत सरकारहि घराप्रमाणेंच काटकसर करूं लागतें, आणि ज्या खर्चाचें फळ डोळ्यांना दिसत नाहीं तो आधीं कापतें. टोंचलेल्या लसीमुळें जो रोग झालाच नाहीं, तो कोणाला दिसणार? सोव्हिएट संघ १९९१ सालीं मोडला, तेव्हां तेथील अर्थव्यवस्थेबरोबर आरोग्याची घडीहि विसकटली आणि लस टोंचण्यांत ढिलाई झाली. परिणामीं जवळजवळ विसरला गेलेला घटसर्प उफाळून आला, आणि १९९० ते १९९८ ह्या काळांत दीड लाखांहून अधिक लोकांना तो होऊन त्यांतले चार हजारांहून अधिक दगावले. ग्रीस देश २०१० च्या सुमारास कर्जांत बुडाला, तेव्हां तेथेंहि हेंच दिसलें. सुईनें अमली पदार्थ टोंचून घेणाऱ्या लोकांत एड्सच्या विषाणूची नवी लागण पूर्वीं वर्षाला दहा-पंधरांना होई. ती २०११ सालीं अडीचशेंच्या वर गेली. ज्या देशांतून हिंवताप १९७४ सालींच हद्दपार झाला होता, तेथें त्याच वर्षीं हिंवतापाची स्थानिक लागण पुन्हां दिसली. कन्हानच्या कांठची गोष्ट ही अशी जगाच्या पाठीवर कोठेंहि घडूं शकते.

मग हें सारें अटळच आहे काय? महाराष्ट्राचाच अनुभव ह्या प्रश्नाला नकारार्थी उत्तर देतो. १९७२-७३ चा दुष्काळ कांहीं लहान नव्हता. कित्येक जिल्ह्यांत सलग तीन वर्षें पीक बुडालें होतें. तरी छप्पन्नच्या दुष्काळासारखे मृत्यूचे ढीग ह्या वेळीं पडले नाहींत. फरक एवढाच कीं, ह्या खेपेस मागेल त्याला काम देण्याचें धोरण सरकारनें अंगीकारलें. १९७३ च्या उन्हाळ्यांत जवळजवळ पन्नास लाख माणसें मदतीच्या कामांवर होतीं. कोणी खडी फोडली, कोणी पाझर-तलाव खणले, कोणी रस्ते बांधले. आणि आठवड्याच्या मजुरींतून घरीं ज्वारी आली. पुढें ह्याच अनुभवांतून रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं झाला. पाऊस पाडणें कोणाच्या हातीं नव्हतें. परंतु पावसाचा कोप आणि चुलीचा विझव ह्यांच्यामध्यें मजुरीची भिंत घालणें हातीं होतें, आणि ती घातली गेली.

क्षयाच्या बाबतींत मात्र ह्या विचाराला यावयास फार वेळ लागला, आणि त्याचें कारण मोठें विचार करण्यासारखें आहे. १९५६ सालीं मद्रासेंत एक प्रसिद्ध प्रयोग सुरूं झाला. क्षयाचे कांहीं रोगी आरोग्यधामांत ठेवून उत्तम अन्न व विश्रांति देऊन त्यांवर उपचार केले; दुसऱ्या कांहींना त्यांच्या गरीब, दाटीच्या घरींच राहूं देऊन तींच औषधें दिलीं. १९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला कीं, घरीं राहिलेले रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्यापासून घरच्यांना अधिक लागण झाली असेंहि आढळलें नाहीं. हा शोध गरिबांवर मोठा उपकार करणारा होता. आरोग्यधामांत खाट मिळण्याची वाट न पाहतां लाखों रोग्यांना औषध मिळूं लागलें. परंतु त्यांतून एक समजूत मात्र पक्की झाली, कीं क्षयाला औषध पुरे, अन्नाचा प्रश्न गौण आहे. रोगी बरा करणें आणि नवा रोगी होऊं न देणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें मागें पडलें.

ती दुसरी गोष्ट २०१९ ते २०२२ ह्या काळांत झारखंडांत पारखून पाहण्यांत आली. तेथील २,८०० रोग्यांच्या घरांतील १०,३४५ माणसें ह्या अभ्यासांत घेतलीं होतीं. सर्व रोग्यांना औषधाबरोबर शिधा दिला. घरांचे मात्र दोन गट केले. एका गटांत रोग्याच्या घरच्या प्रत्येक मोठ्या माणसालाहि दरमहा पांच किलो तांदूळ, दीड किलो तुरीची डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्या गटांत घरच्यांना तें दिलें नाहीं. २०२३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथें नव्यानें क्षय होण्याचें प्रमाण शेंकडा ३९ नीं कमी भरलें. आणि खोकल्यावाटे दुसऱ्यास लागणारा जो फुप्फुसाचा क्षय, तो तर शेंकडा ४८ नीं घटला. तांदूळ आणि तुरीची डाळ! विदर्भांतील कोणत्याहि घरांत रोज शिजणारें हें अन्न क्षयाच्या वाटेवर असा पहारा करतें, हें सिद्ध होण्यास कॉखच्या शोधानंतर एकशें चाळीस वर्षें लागलीं. रोग्याला पोषणासाठीं दरमहा रोख मदत देण्याची योजना केंद्र सरकारनें २०१८ सालीं पांचशें रुपयांवर सुरूं केली होती. ती रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार करण्यांत आली. शिधा घरांतल्या निरोगी माणसांनाहि हवा, ही झारखंडची शिकवण मात्र अजून सर्वत्र पुरती मुरावयाची आहे.

ह्या साऱ्याची कसोटी २०२० सालीं पुन्हां एकदां लागली. योगायोग असा कीं, जगभर क्षयदिन म्हणून पाळल्या जाणाऱ्या २४ मार्च ह्याच तारखेस रात्रीं देशभर टाळेबंदी जाहीर झाली. करोनाच्या सांथीला आवर घालण्यासाठीं तो उपाय होता. परंतु रोजच्या मजुरीवर जगणाऱ्यांच्या हातचें काम त्या रात्रींत थांबलें. त्याच वर्षीं एक विलक्षण गोष्ट घडली. देशांत नोंदलेल्या क्षयरोग्यांची संख्या २०१९ सालीं चोवीस लाखांच्या आसपास होती, ती २०२० सालीं अठरा लाखांवर आली. वरवर पाहणाऱ्याला ही आनंदाची वार्ता वाटावी. पण क्षय कमी झाला नव्हता. तो न तपासला जाऊन घराघरांत दडून राहिला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणें त्याच वर्षीं जगांत क्षयानें होणारे मृत्यु दहा वर्षांहून अधिक काळानंतर प्रथमच वाढले. दप्तरांतील उपासमारीचें सदर १८९७ सालीं जसें रिकामें राहिलें होतें, तसेंच हेंहि झालें. आंकडा उतरला म्हणजे दुःख उतरलें असें समजूं नये, हा धडा ह्या दोन्ही काळांनीं दिला आहे.

आतां सुशिक्षित नागरी घरांनीं ह्यांतून काय घ्यावें? सरकारचें धोरण ठरविणें एका घराच्या हातीं नसतें. परंतु घरांत कामास येणाऱ्या माणसांशीं असलेला व्यवहार तर हातचाच असतो. महागाई वाढली म्हणजे बऱ्याच घरीं पहिली काटकसर धुणें-भांड्यांच्या बाईच्या पगारावर होते, आणि तिच्या घरीं पहिली काटकसर डाळीवर होते. ही सांखळी गृहिणीला दिसत नाहीं, कारण मधले दुवे दुसऱ्या वस्तींत असतात. ती आजारी पडून आठ दिवस आली नाहीं, तर तिचे दिवस कापावयाचे कीं नाहीं, हा निर्णय वरकरणीं हिशेबाचा आहे. परंतु ताप अंगावर काढून ती कामास येणार कीं दवाखान्यांत जाणार, हें त्याच निर्णयावर ठरतें. कोणाचाहि खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला तर थुंकी तपासून घ्यावी. ही तपासणी आणि क्षयाचीं औषधें सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. हें तिला समजावून सांगणें, आणि त्या दिवशींची मजुरी न कापतां तिला तेथें जाऊं देणें, एवढें कोणत्याहि घराला सहज साधण्यासारखें आहे. गांवच्या सभेंत किंवा नगरपालिकेंत काटकसरीची चर्चा निघाली, तर लस, स्वच्छ पाणी आणि शाळेंतलें जेवण ह्या तीन खर्चांना सर्वांत शेवटीं हात लावावा, असा आग्रह धरणारा एक तरी सुशिक्षित आवाज तेथें उठला पाहिजे.

अधिक मास केव्हां येणार, हें पंचांगकर्ता वर्षानुवर्षें आधीं सांगून ठेवतो, आणि शहाणी गृहिणी त्या हिशेबानें धान्य भरते. रोगराईच्या तेराव्या महिन्याचेंहि असेंच आहे. काम सुटलें, भाव चढले, माणसें गांव सोडूं लागलीं, म्हणजे पुढच्या वर्षीं कोणत्या वस्तींतून खोकल्याचा आवाज येणार, हें सांगण्यास ज्योतिषी लागत नाहीं. कामठीच्या विडीवाल्यांच्या खोल्यांनीं तें पंचांग फार पूर्वींच मांडून ठेविलें आहे. तें वेळेवर उघडून पाहिलें, तर हरदासांसारखा माणूस पस्तिसाव्या वर्षीं गमावण्याची वेळ पुन्हां कोणत्याहि गांवावर येणार नाहीं.